डेक कॅनडाचा, पाऊस मालवणचा

कार झाली, वन बीएचकेचा ईएमआय सुरू झाला, बालीचे फोटो टाकून झाले. आता पुढे काय? हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत कुठल्याही ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये जरा कान देऊन बसा. उत्तर हमखास ऐकू येईल, 'गावच्या घराला डेक करतोय यार!' गाव म्हणजे अर्थातच कोकण, आणि त्यात मालवण असेल तर भाव आणखी वर. समोर माडांची रांग, लांबवर समुद्राची निळी रेघ, पायाखाली लाकडी फळ्या, हातात कॉफी. वर्क फ्रॉम होमचं याहून सॉलिड बॅकग्राऊंड कुठे मिळणार? (माझ्या आईला ही आयडिया सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे लाकडी ओटाच ना?' विषय संपला!)

हा डेक शिकायचा कुठे? तर यूट्यूबवर. दाढीवाला कॅनेडियन काका, कमरेला हत्यारांचा पट्टा, पहिल्या वीकेंडला खड्डे, दुसऱ्याला फळ्या, तिसऱ्याला बार्बेक्यू पार्टी. बघताना इतकं सोपं वाटतं की आपण इतकी वर्षं एक्सेल शीट भरण्यात उगाच घालवली असं वाटायला लागतं. मग तोच व्हिडिओ गावच्या मेस्त्रींना व्हॉट्सअॅपवर जातो, सोबत मेसेज, 'काका, एक्झॅक्टली असंच पाहिजे.' आणि इथेच घोळ सुरू होतो.

गेल्या वर्षभरात देवबाग ते आचरा या पट्ट्यात माझ्या कामाच्या निमित्ताने बऱ्याच चकरा झाल्या. त्यात नवेकोरे म्हणता येतील असे सात डेक बघितले. त्यातले चार दुसऱ्याच पावसात म्हातारे झाले होते. मालक मंडळी आपल्यासारखीच होती. शिकलेली, हौशी, पैसे साठवून काम काढलेली. कुणीही स्वस्तातलं उरकलं नव्हतं. चूक पैशांत नव्हतीच.

त्या कॅनेडियन काकांचा मुख्य व्हिलन आहे थंडी. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि वाटेत जे येईल ते वर उचलतं. घराचा पाया खोल, म्हणून तो जागेवर राहतो; डेकचे खांब उथळ असले तर तेवढेच वर येतात. म्हणून टोरांटोच्या परिसरात पाया साधारण चार फूट, म्हणजे १.२ मीटर खाली नेतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर दक्षिण भागाला ४२ इंच आणि उत्तर भागाला ६० इंच असा नियमच आहे. टोरांटोजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात जमिनीवर नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यावर डेक उभा केला. मार्चमध्ये एक कोपरा असा वर आला की मागचं दार उघडेना. बर्फ वितळल्यावर तो कोपरा खाली बसला, पण पहिल्या जागी नाही! तिकडच्या नवशिक्यांची ही नंबर वन चूक.

आता देवबागला या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथे एका उत्साही गड्याने व्हिडिओबरहुकूम चार फूट खड्डे घेतले. खाली पाणी लागलं. पंप लावून पाणी उपसलं, वाळू ढासळली, पुन्हा उपसलं, शेवटी त्या खड्ड्यात खांब उभे करून काँक्रीट ओतलं. जिथे जानेवारीच्या पहाटेसुद्धा साधा स्वेटर कपाटातच राहतो, तिथे गोठण्याची भीती कुणाला? खोली कॉपी केली, खोलीमागचं कारण कॉपी केलंच नाही. आणि या नादात इथला खरा धोका त्याने स्वतःच्या हाताने आत घेतला, कारण लाकूड मातीत गाडलं.

लाकूड नुसतं भिजलं म्हणून कुजत नाही. त्याला कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला चार गोष्टी लागतात. खायला लाकूड, श्वासाला हवा, बऱ्यापैकी ऊब आणि ओलावा. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. काँक्रीटमध्ये गाडलेला खांब सुकताना किंचित आकसतो, काँक्रीट आणि लाकूड यांच्या मधे बारीक फट पडते, त्या फटीत पावसाचं पाणी उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. पेला भरून त्यात काठी उभी केल्यासारखं. खांब वरून छान दिसतो, तळाशी पाणी आहे म्हणून कुणी बघत नाही, आणि मधल्या भागात, बरोबर जमिनीलगत, ऊब, हवा आणि ओल या तिन्हींची पार्टी चालू असते.

थंड देशातल्या बुरशीला निदान हिवाळ्याची सुट्टी असते. मालवणात सुट्टीच नाही! अमेरिकेत मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतल्या शेफर नावाच्या संशोधकाने १९७१ मध्ये जमिनीच्या वर असलेल्या लाकडासाठी एक सोपं सूत्र मांडलं होतं. महिन्याचं सरासरी तापमान घ्या, त्यातून २ वजा करा. पावसाचे दिवस घ्या, त्यातून ३ वजा करा. दोन्हींचा गुणाकार करा. बारा महिन्यांची बेरीज करून तिला १६.७ ने भागा. वर्षाचा आकडा ३५ च्या खाली आला तर कुजण्याचा धोका कमी, ६५ च्या वर गेला तर जास्त. दोन डिग्रीच्या खालचे महिने हिशेबात येतच नाहीत. मी गंमत म्हणून मालवणचा एकटा जुलै काढून बघितला. तापमान साडेसव्वीस धरलं, पावसाचे दिवस हात आखडून पंचवीसच धरले. आकडा आला ३२! म्हणजे ज्याला कमी धोक्याचा प्रदेश म्हणतात, तिथल्या अख्ख्या वर्षाची कुज आपल्याकडे एका महिन्यात. जून आणि ऑगस्ट मिळवलेत की नव्वदच्या आसपास. सप्टेंबर अजून बाकीच आहे.

आणि गंमत बघा, याचं उत्तर आपल्या पणजोबांकडे होतंच. जुन्या घराच्या पडवीतला लाकडी खांब मातीत गाडलेला कधी पाहिलाय? तो दगडाच्या तळखड्यावर उभा असतो. दगड जमिनीत, खांब दगडावर. पाणी आलं तर दगडावरून वाहून जातं, लाकडाचं बूड हवेशीर राहतं, आणि वाळवी चढायला लागली तर तिची मातीची नळी दगडावर उघडी दिसते. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यात बुरशी, पाणी आणि वाळवी या तिघांचा बंदोबस्त.

फक्त तळखडा जसाच्या तसा उचलायचा नाही बरं का. पडवीच्या खांबाच्या डोक्यावर कौलारू छपराचं ओझं असतं, म्हणून तो जागचा हलत नाही. डेकच्या डोक्यावर काहीच नाही. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात छपरं उडाली, माड आडवे झाले. वारा खालून शिरला तर हलका डेक उचलू शकतो, आणि त्यावर कुणी हौसेने पत्र्याचं छप्पर टाकलं असेल तर तो डेक राहत नाही, पतंग होतो. म्हणून काँक्रीटचा किंवा चिऱ्याचा चौथरा, त्यात पक्का बसवलेला स्टेनलेस स्टीलचा ब्रॅकेट, आणि त्या ब्रॅकेटमध्ये जमिनीपासून चार-सहा इंच वर उचलून धरलेला खांब. तळखड्याचं तत्त्व आणि आजचा बोल्ट. खाली वाळू असेल तर चौथऱ्याचं बूड रुंद करायचं. जांभ्याचा कातळ असेल तर फार खाली जायची गरजच पडत नाही.

आता लाकडाकडे वळू. आचऱ्याकडच्या एका कामावर मला एक मेस्त्री भेटले. सत्तरीच्या जवळ, कानाला पेन्सिल, बोलणं कमी. मालकाने कणकवलीच्या वखारीतून सागाच्या फळ्या आणून खळ्यात रचल्या होत्या आणि मे महिना असल्यामुळे घाई चालली होती. मेस्त्रींनी एक फळी उचलली, हातात जराशी तोलली आणि परत ठेवली. 'बाय, ह्या लाकूड अजून जिता आसा.' म्हणजे अजून ओलं आहे. मॉइश्चर मीटर नावाचं यंत्र हीच गोष्ट आकड्यात सांगतं. ते ऑनलाइन मिळतं आणि एका वीकेंडच्या हॉटेल बिलाइतक्या पैशांत येतं. लाखाच्या लाकडापुढे एवढा खर्च काहीच नाही.

हवेत वाळवायचं तर जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष, असा जुना अंदाज आहे. आपल्याला तर लाँग वीकेंडच्या आत डेक पाहिजे! ओली फळी लावली की ती सुकताना रुंदीत आकसते. सहा इंची फळी पाव इंचाच्या आसपास कमी होऊ शकते, शिवाय पिळते आणि स्क्रूभोवती चिरते. इथेही व्हिडिओ दगा देतो. तिकडे बाजारात जे औषध मुरवलेलं पाइन मिळतं ते बरेचदा ओलंच असतं, म्हणून तो काका फळीला फळी चिकटवून लावतो. सुकल्यावर आपोआप फट पडते हे त्याला माहीत असतं. आपल्याकडे कुणी चांगला वाळलेला साग आणतो, एप्रिलच्या कोरड्या दिवसांत तसाच चिकटवून लावतो, आणि जुलैत त्या फळ्या पाणी पिऊन फुगतात. जायला जागा नाही, मग मधोमध उचलतात. कोरड्या फळ्यांमध्ये बसवतानाच पाव इंचाची फट हवी. मेस्त्री फटीसाठी जाड खिळा मधे धरतात. मोजपट्टीपेक्षा झक्कास!

'साग आहे, म्हणजे बघायला नको' हा आणखी एक गोड गैरसमज. सागाची कीर्ती आहे ती त्याच्या मधल्या गडद लाकडाची. कडेचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी बुरशीला आणि वाळवीला आंब्याइतकंच आवडतं. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात हा फिकट भाग बराच असतो, आणि वखारीत पॉलिश मारून ठेवला की नवख्याला कळत नाही. फळीचं तोंड बघा, दोन रंग दिसतील. पडलेल्या जुन्या घराचं लाकूड मिळालं तर मी डोळे मिटून तेच घ्यायला सांगेन. साग, फणस, काय मिळेल ते. पन्नास पावसाळे बघितलेलं लाकूड आता कुठे पिळणार? आतले जुने खिळे मात्र आधी शोधून काढायचे, नाहीतर मेस्त्रींची करवत आणि मेस्त्रींचा मूड, दोन्ही जातात.

खिळ्यांवरून आठवलं. समुद्राची खारी हवा म्हणजे लोखंडाचा काळ. साधा स्क्रू एका पावसात लाल अश्रू ढाळायला लागतो, फळीवर काळे ओघळ उमटतात, आणि आतून त्याची मान बारीक होत जाते. दुकानदार 'स्टेनलेस आहे' म्हणतो तो बहुतेक वेळा ३०४ ग्रेड. शहरात तो ठीक. समुद्राच्या तोंडावर ३१६ मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त तोंड देतं. महाग पडतो, कबूल. पण फळी बदलता येते; फळीखालच्या जोडातला गंजलेला बोल्ट कुणी बघतही नाही. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी बोटींच्या फळ्या काथ्याने शिवत असत. खिळाच नाही, तर गंजणार काय? त्याच जुन्या पद्धतीने गोव्यात शिवून बांधलेलं 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. डेक शिवायला घ्या असं मी म्हणत नाहीये हं!

इथपर्यंतच्या चुका पैशांच्या. पुढची चूक माणसांच्या जिवावर येते, म्हणून जरा थांबून सांगते.

माझी एक मैत्रीण बाणेरला आयटीत आहे. गाव मालवण-आचरा रस्त्याच्या आत, डोंगरउताराला टेकलेलं. आईवडील गावीच राहतात. घराच्या दोन खोल्या एमटीडीसीच्या निवास न्याहारी योजनेत आहेत आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावरच चालतो. पाहुणे वाढावेत म्हणून तिने पर्सनल लोन काढून घरामागे १२ बाय १६ फुटांचा डेक केला. घराकडची बाजू भिंतीला टेकलेली, बाहेरची बाजू उतारामुळे जमिनीपासून आठ फूट वर. फोटो असा हटके आला की पुढच्या तीन महिन्यांचं बुकिंग फुल्ल!

व्हिडिओत दाखवतात तसंच घराच्या भिंतीला एक लांब आडवं लाकूड बोल्टने आवळलं होतं आणि डेकचे वासे त्यावर टेकवले होते. फरक एवढाच की तिकडची भिंत लाकडी चौकटीची असते, ही चिऱ्याची. जांभा चिरा हा सच्छिद्र दगड. दिसायला देखणा, पण अँकर बोल्ट ओढला गेला तर भोक हळूहळू मोठं होतं. त्यात भिंत आणि लाकूड यांच्या मधे पाणी जाऊ नये म्हणून जी पत्र्याची पट्टी लावतात ती लावलीच नव्हती. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टोरांटोत बर्फ धरून आठशेच्या आसपास. तिच्या डेकवर वर्षाला पन्नास हजार लिटरपेक्षा जास्त पाणी पडतं, म्हणजे मोठे पाच टँकर! त्यातलं भिंतीलगतचं पाणी थेट त्या आडव्या लाकडाच्या पाठीमागे उतरत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत मेस्त्री बघायला आले (ते मघाचेच, मीच नंबर दिला होता). वरून ठोकून बघणं वगैरे काही नाही, सरळ डेकखाली गेले. खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि आडव्या लाकडाला टोचला. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं. इथे बोटभर आत गेलं. केकमध्ये सुरी जावी तसं.

यात खरं भय कशाचं? असा डेक कुरकुरत, वाकत, सूचना देत पडेलच असं नाही. भिंतीचा जोड सुटला की एक अख्खी बाजू एकदम खाली येते. शिकागोत २९ जून २००३ ला पार्टी चालू असताना इमारतीमागचे लाकडी मजले कोसळले आणि १३ जण गेले. माणसांच्या भाराला ते बांधकाम पुरं पडलं नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये १६ जून २०१५ ला एका वाढदिवसाच्या पार्टीत बाल्कनी तुटून सहा विद्यार्थी दगावले. तिथे लाकूड आतून पाण्याने कुजलेलं निघालं, आणि ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. हे सगळं नियम, परवाने आणि तपासनीस असलेल्या देशात.

आपल्याकडे पार्टी नसेल, पण गणपती आहेत ना! भजनाची मंडळी घरोघरी फिरतात, अख्खी वाडी जमते, गौरीच्या रात्री बायका फुगड्या घालतात. तीन महिने पाऊस पिऊन लाकूड सगळ्यात ओलं असतं ते याच दिवसांत. अमेरिकेत घरगुती डेकला चौरस मीटरला सुमारे १९५ किलो भार धरून हिशेब करतात. मैत्रिणीच्या डेकला असा हिशेब कुणी केलाच नव्हता. 'मजबूत आहे, मी उडी मारून बघितलं,' असं बांधणाऱ्याने सांगितलं होतं म्हणे. एका माणसाच्या एका उडीने काय कळणार?

मेस्त्रींचा उपाय सरळ होता. डेकला भिंतीचा आधार नकोच. घराकडच्या बाजूलाही स्वतःचे खांब, स्वतःचे चौथरे. भिंतीपासून दोन इंच सुटा. पाणी मधून खाली जाईल, भिंत कोरडी, डेक स्वतःच्या पायावर. चारी कोपऱ्यांना तिरकस आधार, म्हणजे हेलकावा नाही. मी विचारलं, 'काका, नवीन करताना पहिली गोष्ट कुठली बघायची?' तर म्हणाले, 'पाणी खय जातला ता पयला बघ, मगे खुर्ची खय ठेवची ता ठरव.'

बाकीच्या गोष्टी पटापट. चकचकीत पॉलिशच्या मोहात पडू नका. घरातल्या फर्निचरचं जाड कोटिंग उन्हात तडकतं, फटीतून पाणी आत जातं आणि मग बाहेर यायला वाट नसते. लाकडात मुरणारं तेल बरं, खालच्या बाजूलाही आणि फळीच्या कापलेल्या तोंडाला तर दोनदा. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. तेल वर्षातून एकदा, पाऊस संपून लाकूड सुकल्यावर. मच्छीमार होड्यांना माशाचं तेल लावत आलेत, पण त्या वासात तुमची कॉफी जाणार नाही. वासे घरापासून बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवा. खाचा पाडलेल्या फळ्या जाहिरातीत 'अँटी-स्किड' असतात. इथे त्या खाचांत शेवाळ धरतं. प्लॅस्टिक मिसळलेल्या डब्ल्यूपीसी फळ्या कुजत नाहीत, पण मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा! आणि त्यांच्या खालचे वासे लाकडीच असतील तर बुरशीला काहीच फरक पडत नाही.

डेक जमिनीपासून एकतर दोन फूट वर ठेवा, म्हणजे खाली वाकून झाडता येईल, नाहीतर खाली पोकळी ठेवूच नका, फरसबंदी करा. नऊ इंचांची अंधारी पोकळी, त्यात माडाचा पाचोळा... कोकणातल्या कुणालाही विचारा, तिथे फुरसं येऊन बसायला किती वेळ लागतो ते.

आणि हो, परवानगी! 'लाकडी आहे, टेम्पररी आहे' हे कारण चालत नाही. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, मग २०१९ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरची ना-विकास पट्टी हा मूळ नियम. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकसंख्या असेल तिथे, ती ५० मीटर ठरली. तुमचा सर्व्हे नंबर कशात बसतो ते फळ्या विकत घेण्याआधी विचारा. स्वतःच्या आवारातलं झाड तोडून लाकूड काढणार असाल तरी वृक्षतोडीचा कायदा १९६४ पासून आहे, वन खात्याला विचारावं लागतं.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर ज्यांचं घर अगदी पाण्याजवळ आहे त्यांनी कायमचा डेक करूच नये. कोकणात माटव घालतात तो पाऊस संपल्यावर आणि काढतात पाऊस यायच्या आत. तसंच तीन बाय तीन फुटांचे सुटे तुकडे करा, दिवाळीला खळ्यात मांडा, मे अखेरीला उचलून मांगरात ठेवा. कुजण्याचे ते नव्वदच्या वरचे पॉइंट गेलेच! इन्स्टावर फोटोत तोच डेक दिसतो, कुणाला कळत नाही.

मैत्रिणीने भिंतीचा जोड त्याच आठवड्यात सोडवला. तिथपर्यंत बुकिंग घेतलेल्या पाहुण्यांना वडिलांनी स्वतः फोन केले. दोघांनी पैसे परत मागितले, बाकीचे मागच्या पडवीत बसायला तयार झाले. हप्ता सुरूच आहे. निम्म्याहून जास्त फळ्या चांगल्या निघाल्या. पण नवे खांब आणि आडवी लाकडं लागणार होती, ती जुन्या घराची मिळाली नाहीत, ताजी घ्यावी लागली. ती आता मांगरात थर लावून, मधे रिपा घालून, हवा खेळेल अशी रचून ठेवलीयेत. मेस्त्रींनी एका टोकावर खडूने तारीख लिहिलीये आणि बजावलंय की पुढची दिवाळी होईपर्यंत हात लावायचा नाही. मैत्रिणीने मॉइश्चर मीटर घेतलंय. दर महिन्याला वडील त्याचा फोटो पाठवतात. परवाचा आकडा होता २६.